चकतीमामा आणि गुरुवारचा चढ

चकतीमामांचं खरं नाव गॅरेजच्या पाटीवर होतं, पण ती पाटी काजळीनं इतकी काळी पडली होती की वाचण्याच्या फंदात कुणी पडत नसे. मामांना बहीण नव्हती, त्यामुळे सख्खा भाचा असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी डिझेल गाडी चालवणारा जो तो त्यांना मामा म्हणे. चकती हे बिरुद मात्र त्यांनी स्वतः कमावलेलं होतं. दोन मिलिमीटरचा पत्रा, त्यातून कापलेली पेल्याच्या बुडाएवढी चकती, कडेला बोल्टसाठी दोन भोकं. गॅरेजच्या भिंतीवर एका खिळ्याला अशा चाळीसएक चकत्या अडकवलेल्या असत, आणि कुठल्या गाडीला कुठली बसते हे मामांना न बघता नुसत्या बोटांनी कळे.

चकती कशासाठी, हे मामा कुणालाही हौसेनं समजावून सांगत. विचारलं नाही तरी सांगत. इंजिन बाहेरची हवा ओढतं, तिच्यात डिझेल जाळतं आणि धूर बाहेर टाकतं, इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण आत आगीचा ताव फार वाढला की हवेतला नायट्रोजन, जो एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, तोही ऑक्सिजनशी संधान बांधतो आणि त्यातून एक उग्र वायू तयार होतो. तो डोळ्यांत चुरचुरतो, छातीत बसतो. म्हणून गाड्या बनवणाऱ्यांनी एक तोड काढली. बाहेर जाणाऱ्या धुरातला थोडा भाग एका नळीनं माघारी आणायचा, वाटेत थंड पाण्याच्या नळ्यांपाशी फिरवून जरा निववायचा आणि एका झडपेतून पुन्हा ताज्या हवेत मिसळायचा. त्या धुरातला ऑक्सिजन बराचसा आधीच खपलेला असतो. त्यामुळे आतली आग मंदावते, ताव उतरतो आणि तो उग्र वायू कमी होतो. गाडी रमतगमत चालली असेल तेव्हा ही झडप उघडते, चढावर पूर्ण जोर हवा असेल तेव्हा मिटते.

‘म्हणजे इंजिनाला त्याचीच उष्टी हवा पाजायची,’ असं मामा म्हणत आणि वर तोंड वाकडं करत. नळीच्या तोंडावर चकती मारली की उष्टं बंद. इंजिन ताजी हवा खाणार, गाडी पळणार, गिऱ्हाईक खूश. मामांच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. माघारी येणाऱ्या धुरात काजळी असते, तिला इंजिनाच्या तेलाची वाफ भेटते आणि दोघींचं मिळून डांबरासारखं चिकट काळं लोणी तयार होतं. ते झडपेवर बसतं. मग झडप धड मिटत नाही आणि ऐन चढावर, जेव्हा ताज्या हवेची गरज असते, तेव्हाच धूर आत येत राहतो. यावरचा सरळ उपाय म्हणजे सगळं सोडवून, खरवडून साफ करणं. त्याला अख्खा दिवस लागतो. चकतीला वीस मिनिटं लागतात. धूर माघारी आला नाही तर बाहेर काय काय जातं, हा विषय मामांच्या गॅरेजात कधी निघत नसे.

तो काढला मामींनी. मामींच्या दोन्ही किडन्यांनी तीन वर्षांपूर्वी काम सोडलं होतं. दर सोमवारी आणि गुरुवारी चार-चार तास मशीनवर पडून राहायचं. रक्त एका नळीनं बाहेर जाणार, गाळून दुसऱ्या नळीनं परत येणार. बाकीचे दिवस त्या गॅरेजच्या मागच्या खोलीत, खिडकीशी टाकलेल्या पलंगावर असत. खिडकी गॅरेजात उघडायची, त्यामुळे मामांचं प्रवचन त्यांना रोज फुकट ऐकायला मिळे. एकदा गिऱ्हाईक गेल्यावर त्या म्हणाल्या, “तुमच्या इंजिनाचं नि माझं सारखंच आहे की हो. बाहेर काढलेलं परत आत घालायचं. माझं निदान धुऊन तरी घालतात.”

मामा मनापासून हसले. मग मामींनी विचारलं की इंजिनाला त्यातून मिळतं काय. काही नाही, मामा म्हणाले, उलट काजळी खावी लागते. मग कुणाला मिळतं? रस्त्यावर उभे असतात त्यांना, असं काहीतरी मामा पुटपुटले आणि पाना शोधायला लागले. मामींनी पाण्याचा छोटा पेला उचलला, एक घोट घेतला आणि किती उरलं ते बघून पेला झाकून ठेवला. अंगातलं पाणी बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून दिवसाचे तसे चारच पेले होते.

हॉस्पिटल डोंगराच्या पलीकडे होतं. मामींचा धाकटा भाऊ स्वतःच्या व्हॅनमधून अलीकडच्या चार रुग्णांना घेऊन जाई आणि घेऊन येई. मामा त्याच्या शेजारी पुढे बसत. मागे मामी, एक निवृत्त पोस्टमन, एक फारसं न बोलणारे गृहस्थ आणि टेपताई. टेपताई चाळिशीची, शिवणकाम करणारी, म्हाताऱ्या आईबरोबर राहणारी. गळ्यात मोजायची टेप कायम, अगदी मशीनवर असतानासुद्धा. सुया टोचायला दंड उघडा करावा लागतो आणि दर खेपेला बाही वर सरकवताना बायकांचा जीव मेटाकुटीला येतो, हे तिनं पहिल्याच महिन्यात हेरलं. तिनं मामींच्या सगळ्या कपड्यांच्या डाव्या बाह्या उसवल्या आणि खांद्यापासून कोपरापर्यंत टिचबटणं लावून दिली. टिच टिच टिच केलं की बाही उघडते. मामींना याचं इतकं अप्रूप की घरीसुद्धा बसल्या बसल्या त्या बटणांशी चाळा करत.

मेहुण्यानं जुनी व्हॅन काढून नवी घेतली, तिला वर्षही झालं नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी तो ती घेऊन आला तेव्हा समोरच्या काचेखाली पिवळा दिवा लागला होता, गाडी आचके देत होती आणि मागून काळा धूर सोडत होती. कंपनीच्या वर्कशॉपनं झडप बदलायला सांगितली होती आणि ती यायला पंधरा दिवस लागतील असंही सांगितलं होतं. मामांनी बॉनेट उघडलं, नळी चाचपली आणि निदान केलं: झडप लोण्यात रुतली आहे. गुरुवारला अजून अख्खा बुधवार मध्ये होता. हातात काम नव्हतं. खिडकीतून मामींनी विचारलं की साफ का नाही करत.

“कशाला?” मामा म्हणाले आणि खिळ्याकडे गेले.

वीस मिनिटांत चकती बसली. बोल्ट मामांनी आपल्या पद्धतीनं आवळले. मामांनी आवळलेला बोल्ट मामांशिवाय कुणाला सुटत नाही, अशी त्यांची ख्याती होती आणि ती त्यांना आवडे. दिवा विझावा म्हणून बॅटरीची तार थोडा वेळ काढून ठेवली. मग दोघं सपाट रस्त्यावर पाव तास हिंडून आले. आचके नाहीत, धूर नाही, गाडी कशी लोण्यातून सुरी. बुधवारी मामा दिवसभर मोकळे होते. त्यांनी जुन्या नटबोल्टांचा डबा ओतला आणि उगाच मापाप्रमाणे लावून ठेवला.

आता चूक कुठं झाली, ते सांगतो, कारण ती चूक करायलाही तीस वर्षांचा अनुभव लागतो. जुन्या गाड्या आंधळ्या होत्या. नळी बुजवली काय किंवा उघडी ठेवली काय, इंजिनाला पत्ता नसे. या गाडीत एक छोटा कॉम्प्युटर होता आणि तो आत येणारी हवा मोजत होता. झडप उघडली की धूर आत येतो, म्हणजे बाहेरून येणारी ताजी हवा तेवढी कमी व्हायला हवी. ती झाली नाही, तर मध्ये कुणीतरी वाट अडवली आहे, एवढं त्याला समजत होतं. पहिल्यांदा तो नुसती नोंद ठेवतो. पुन्हा तसंच दिसलं की दिवा लावतो आणि इंजिनाचा जोर कापून टाकतो, गाडी कशीबशी घरी पोचावी इतकाच ठेवतो. मामांना हे कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. मेहुण्यानं गाडीबरोबरचं पुस्तक त्यांच्यासमोर धरलं होतं. मामांनी ते ग्रीसच्या डब्याखाली ठेवलं, डबा डुगडुगत होता म्हणून.

गुरुवारी सकाळी सात वाजता निघाले. गल्ल्यांमधून एकेकाला घेतलं, सरळ रस्त्याला लागले, सगळं सुरळीत. टेपताई दमलेली होती, पाय सुजले होते. सोमवारनंतर पाणी जास्त प्यायलं गेलं, असं तिनं अपराध्यासारखं कबूल केलं आणि मामींनी तिला लटकं रागावून घेतलं. चढाच्या दुसऱ्या वळणावर पिवळा दिवा लागला. मेहुण्यानं पाय पार खालपर्यंत दाबला, पण इंजिनाचा आवाज काही वर चढेना. गाडी माणूस चालेल इतक्या वेगावर आली.

बंद करून चालू कर, मामा म्हणाले. तसं केल्यावर जोर आला, आणि पुढच्या वळणावर गेला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तिसऱ्या खेपेला कॉम्प्युटरनं दाद दिली नाही. तेव्हा मामा पाना घेऊन उतरले आणि बॉनेट उघडून आत वाकले. चकती काढली तर रुतलेल्या झडपेतून धूर आत येणार होता आणि गाडी काळं ओकत, आचके देत, पण जरा बरी चढली असती. एक बोल्ट सुटला. दुसऱ्याचा तापलेला माथा पान्याखाली घसरला, पुन्हा घसरला आणि गोल झाला. मामा नुसत्या हातानं पकड लावायला गेले तेव्हा बोटांची कातडी नळीला चिकटली. त्यांनी हात मागे घेतला नाही, कारण आपणच आवळलेला बोल्ट आपल्याला सुटत नाही हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. मेहुण्यानं त्यांना खांद्याला धरून मागे ओढलं.

तेवढ्यात खालून एक जुनी पिकअप गुरगुरत आली. तिला मामांचीच चकती होती, चार वर्षांपूर्वीची. मामांनी जोरजोरात हात हलवला. पिकअपवाल्यानं ओळखलं, ‘काय मामा’ म्हणून ओरडला, दोनदा हॉर्न वाजवला आणि झपाट्यानं वळणाआड गेला. त्याला वाटलं, मामा आपल्याला रामराम करतायत.

मेहुण्यानं हॉस्पिटलला फोन लावला. त्यांची गाडी दुसरीकडे गेली होती. मग एकच उरलं. सुटलेला बोल्ट परत लावून पहिल्या गिअरमध्ये, पायी चालणाऱ्यांच्या मागे राहत, तो चढ चढणं. पोस्टमन दर थोड्या वेळानं घड्याळ बघत आणि मग आपण बघितलं म्हणून लाजल्यासारखे बाहेर बघत. टेपताईनं खिडकीची काच पूर्ण खाली केली होती आणि तोंड बाहेर काढून श्वास घेत होती. मामांना मागे वळून बघण्याचा धीर झाला नाही. त्यांनी जळलेला हात मांडीवर पालथा ठेवला होता.

आठला लागायचं मशीन साडेनऊला लागलं. बारा वाजता पुढची पाळी, ते लोक बाहेर बाकांवर येऊन बसलेले, त्यांचंही दुखणं हेच. सिस्टर वाईट नव्हत्या. त्यांनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं की अडीच तास मिळतील, त्याहून जास्त मला देता येत नाही. अडीच तासांत सगळं पाणी ओढता येत नाही; घाई केली तर रक्तदाब कोसळतो. टेपताईच्या अंगात तीन किलोंवर पाणी होतं, त्यातलं निम्मंच निघालं. सोमवारपर्यंत जपून राहा, धाप लागली तर लगेच या, असं सांगून तिला सोडलं. परतताना गाडी उतारावर छान आली.

शुक्रवारी सकाळी मामांनी झडप सोडवायला घेतली. गोल झालेला बोल्ट काही केल्या निघेना, तो ड्रिलनं पोखरून काढावा लागला आणि त्यात शनिवार गेला. हाताला पट्टी होती, तरी मेहुण्याला त्यांनी हात लावू दिला नाही. रविवारी दुपारपर्यंत झडप, नळी, थंड पाण्याची ती गुंडाळी, सगळं वर्तमानपत्रांवर मांडलेलं होतं. मामा लाकडी काडीनं लोणी खरवडून एका मगात टाकत होते. तो जवळपास भरला. मामी खिडकीतून बघत होत्या. किती निघालं, त्यांनी विचारलं. मामांनी भरलेला मग वर धरून दाखवला.

मेहुण्याचा फोन वाजला तो तेव्हा. टेपताईची आई होती. लेकीला आडवं होता येत नाहीये, श्वास घेताना छातीत पाणी वाजल्यासारखं वाजतंय, गाडी घेऊन ये. मेहुण्यानं फोन कानाला धरून वर्तमानपत्रांकडे पाहिलं. मामांनीही पाहिलं. व्हॅनच्या पुढ्यात एक भोक होतं आणि तिथं जे असायला हवं ते दहा ठिकाणी पसरलेलं होतं. ते जोडायला घाई केली तरी तीन तास लागले असते. मेहुणा दुसरी गाडी मिळवायला ओरडत रस्त्यावर धावला. मामा तसेच उकिडवे बसून राहिले, हातात काडी.

शेवटी त्याच पिकअपवाल्यानं नेलं. पंचवीस मिनिटांनी मिळाला. गाडी चढावर जोरात गेली, तो नंतर सांगत होता, मामा, तुमच्या चकतीनं कमाल केली हो. पण टेपताई हॉस्पिटलच्या दारात पोचण्याआधीच गेली होती.

मामांना कुणी बोल लावला नाही. मेहुणा म्हणाला, भाऊजी, ती आधीच खचलेली होती. पोस्टमन म्हणाले, आम्हा सगळ्यांचंच काय खरं आहे. टेपताईच्या आईनं तर मामांचे हात हातात घेतले आणि पट्टी बघून विचारलं, भाजलं का रे बाबा. मामांना वाटत होतं की कुणीतरी एकानं आपल्याला फैलावर घ्यावं, मग निदान आपल्याला काहीतरी उत्तर देता येईल. घरी आल्यावर ते मामींच्या पलंगाशी खाली बसले आणि त्यांनी सरळच विचारलं, माझ्यामुळं झालं का हे.

मामींनी बाहीचं एक बटण उघडलं आणि परत लावलं. “तुमच्यामुळं झालं का, ते आता कुणालाच कळायचं नाही,” त्या म्हणाल्या. “पण तुमच्यामुळं नाही झालं, असं माझ्या तोंडून वदवून घ्यायला बघू नका.”

त्या संध्याकाळी मामांनी सगळे भाग जोडले. चकती लावली नाही. खिळ्यावरच्या चकत्या काढून भंगाराच्या डब्यात टाकाव्यात असं त्यांच्या मनात आलं, पण रस्त्यावर त्यांच्या शेकड्यांनी चकत्या फिरत होत्या आणि त्या काही या डब्यात येणार नव्हत्या. त्यांनी खिळा तसाच ठेवला.

सोमवारी सकाळी दिवा लागला नाही. टेपताईच्या गल्लीशी मेहुण्यानं सवयीनं वेग कमी केला, मग वाढवला. तिच्या जागेवर पट्टा तसाच मोकळा पडला होता. चढ आला आणि गाडी एका दमात, जराही न कुरकुरता, पाव तासात वर गेली. आवाज इतका सरळ होता की मामांच्या कानांना त्यात खोट काढायला जागा सापडेना. गाडी छान चढली, असं कुणीच म्हणालं नाही. एकदा तरी आचका बसावा, असं मामांना वाटत होतं.

पावणेआठला पोचले. सिस्टरनी मामींना खाटेवर घेतलं आणि हातमोजे चढवता चढवता मायेनं म्हणाल्या, “मामी, गुरुवारी तुमचे तास कमी पडले होते ना? आज शेजारचं मशीन मोकळं आहे. पुढच्या पेशंटला तिकडं घेते. तुम्हाला आज अर्धा तास जास्त देता येईल.”

मामींनी मामांकडे पाहिलं. मामा शेजारच्या मशीनकडे बघत होते. मग त्यांना काहीतरी करायला हवं म्हणून ते पुढे झाले आणि मामींच्या बाहीचं वरचं टिचबटण उघडायला लागले. पट्टी बांधलेल्या बोटांना ते पकडता येईना. दोनदा निसटलं. मामींनी त्यांचा हात हळूच बाजूला केला, टिच टिच टिच करून बाही स्वतः उघडली आणि दंड सिस्टरांपुढे ठेवला.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “तिचा अर्धा तास आहे, वाया नको जायला.”

मामा बाहेर बाकावर जाऊन बसले. साडेचार तास होते.